हलगी शिकायची, पण नाव, दाम आणि मान देऊन



१४ एप्रिल जवळ आला की पुण्यातल्या वस्त्यांमध्ये एकच चर्चा सुरू होते. डीजे कुणाचा सांगायचा, भिंत किती मोठी लावायची, पोलीस किती वाजता बंद करायला लावतील. अलीकडे या चर्चेत आणखी एक सूर ऐकू येतो : "यंदा डीजे नको, हलगी लावू." ताडीवाला रोड असो, कासेवाडी असो, येरवडा असो की दांडेकर पूल, असं म्हणणारी पोरं आता भेटतात. मला याचा आनंद आहे. पण "हलगी लावू" या शब्दांत एक प्रश्न दडलेला आहे. हलगी लावायची म्हणजे कुणाला तरी सुपारी द्यायची. तो येणार, चार तास वाजवणार, पाकीट घेऊन जाणार आणि आपण नाचणार. मशीनच्या जागी माणूस आला, एवढाच फरक.

खरा प्रश्न वेगळा आहे. आपण स्वतः हलगी शिकणार आहोत का? शिकलो तर कुणाकडून, कोणत्या नात्यानं? आणि ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव चारचौघांत घेणार आहोत का?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. हलगी, ढोलकी, संबळ, लेझीम यांच्या चाली आंबेडकरी तरुणांनी शिकल्या पाहिजेत आणि एकमेकांना मोकळेपणानं शिकवल्या पाहिजेत. चाल कुलुपात ठेवायची वस्तू नाही. पण शिकवणाऱ्याचं नाव, त्याच्या वेळेचं दाम आणि त्याच्या कलेला मान या तीन गोष्टी दिल्याशिवाय ती उचलणं म्हणजे गावकीचाच नवा अवतार आहे. मग उचलणारा सवर्ण असो की आपल्यातलाच कुणी.

"ज्या वाद्यानं गुलाम केलं ते कशाला शिकायचं?"

आपल्या जुन्या कार्यकर्त्यांचा हलगीला विरोध असतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गावगाड्यात वाजवणं ही कला म्हणून कुणी मोजलीच नव्हती, ते जातीनं लादलेलं काम होतं. गावात लग्न असो, जत्रा असो, कुणाची मयत असो, निरोप आला की जायचं, वाजवायचं आणि शिळंपाकं पदरात घेऊन परत यायचं. कुठे हे काम मातंगांकडे होतं, कुठे महारांकडे. ज्याच्या वाजवण्यावर अख्खं गाव नाचायचं, त्याला मात्र देवळाच्या पायरीखाली उभं राहावं लागायचं. कातडं बडवायला चालणारा माणूस पाणवठ्यावर चालत नव्हता.

म्हणूनच १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका असं सांगितलं, तेव्हा त्या सांगण्याचा अर्थ लोकांना बरोबर कळला. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करण्याचं विधेयक आणलं, कारण वतन ही मालकी नव्हती, ती बेडी होती. या कनिष्ठ वतनांचा कायदेशीर शेवट व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. या सगळ्या काळात अनेक गावांतल्या आपल्या माणसांनी वाजवणं सोडलं. सोडलं म्हणून बहिष्कार सोसला, मार खाल्ला. ज्या आजोबांनी हलगी खुंटीवरून उतरवली आणि पुन्हा हातात घेतली नाही, त्यांनी क्रांती केली. नातवाच्या हातात हलगी बघून त्यांच्या पोटात गोळा येत असेल, तर तो आपण समजून घेतला पाहिजे.

पण त्यांनी नाकारलं काय? नाकारली ती सक्ती. नाकारलं ते शिळं अन्न. नाकारला तो हुकूम : "चल रे, वाजव." हलगीच्या कातड्यावर उमटणारा ठेका त्यांनी कधी नाकारला नव्हता. तसा नाकारला असता तर आंबेडकरी जलसा जन्मालाच आला नसता.

जलशानं काय करून दाखवलं

तमाशाबद्दल बाबासाहेबांची भूमिका कडक होती. पठ्ठे बापूरावांनी चळवळीसाठी देऊ केलेले पैसे बाबासाहेबांनी घेतले नाहीत, कारण आपल्या बायकांना फडावर नाचवून आलेला पैसा त्यांना नको होता, ही हकिगत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. पण त्याच काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिककडून जलसे सुरू केले आणि बाबासाहेबांनी त्यांचं कौतुकच केलं. ही विसंगती नाही. जलसेकारांनी तमाशाचा सांगाडा घेतला आणि त्यातली घाण बाहेर काढली. देवाच्या गणाऐवजी बाबासाहेबांना वंदन आलं. गौळणीतली छेडछाड गेली. सवाल-जवाब राहिले, पण सवाल अस्पृश्यतेचा झाला आणि जवाब शिक्षणाचा. वग राहिला, पण त्यात सावकार, भटजी आणि पाटील उघडे पडू लागले. ढोलकीचा ठेका मात्र तोच होता, लोकांच्या अंगात मुरलेला. म्हणून तर माणसं दहा-दहा कोस चालत यायची.

पुढे वामनदादा कर्डकांनी हेच काम आयुष्यभर केलं. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला, मोठेपणी अक्षर शिकलेला हा माणूस २००४ पर्यंत गात राहिला. त्यांच्या आणि त्यांच्यासारख्या शेकडो गायकांच्या चाली कशा पसरल्या? कुठल्या संगीत विद्यालयानं पसरवल्या नाहीत. एका गायन पार्टीनं रात्री ऐकली, दुसरीनं परवा दुसऱ्या गावात गायली. पेटीवाल्यानं पेटीवाल्याकडून उचलली, ढोलकीवाल्यानं ढोलकीवाल्याकडून. कुणी कुणाला अडवलं नाही. आपल्या चळवळीचं अर्धं शिक्षण या उचलाउचलीतून झालं आहे. चाल वाटल्यानं वाढते, हे आपल्याला बाहेरून कुणी येऊन शिकवायची गरज नाही.

म्हणून "हलगी म्हणजे गुलामी" या वाक्याला माझं उत्तर आहे : हुकमानं वाजते ती गुलामी, मर्जीनं वाजते ती कला. देव, अंगारा, नवस यांच्यासाठी वाजवायची नाही हे बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांना सांगावं लागत नाही. ठेक्याला धर्म नसतो. आपण त्याच्यावर कोणते शब्द ठेवतो, यावर सगळं ठरतं.

हलगी ऐकून येत नाही

वाद्य बघायला किती साधं! एक लाकडी किंवा लोखंडी कडं, त्यावर ताणलेलं शेळीचं कातडं, गळ्यात अडकवायला पट्टा. एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लवचिक काडी. टिपरू ठोस बोल काढतं, काडी त्याच्या मधल्या जागा भरत जाते. दोन हातांनी दोन वेगळी कामं करायची आणि ऐकणाऱ्याला एकच प्रवाह ऐकू यायचा, यातच सगळी विद्या आहे. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, मग शेकोटी करून हलगी तापवायची. किती तापवायची हे पुस्तकात लिहिलेलं नाही, ते वादकाच्या कानात असतं. जास्त तापली तर कातडं फाटतं, कमी तापली तर आवाज बसतो. आता फायबरची हलगी मिळते, तिला शेकायची कटकट नाही. पण जुना वादक तिच्यावर वाजवताना तोंड का वाकडं करतो, ते त्याच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

कोल्हापूर-सांगलीकडे हलगीबरोबर घुमकं आणि कैताळ असतं. कुस्तीच्या मैदानात तीच हलगी पैलवानाच्या अंगात वारं भरते. लेझीमच्या डावाला ती वेगळी वाजते, मिरवणुकीत वेगळी. तमाशाच्या फडात ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी सुरू झाली की तालाचं गणित मांडलं जातं. कुठला ठेका कुठे बदलायचा, नाचणाऱ्याच्या पायाकडे बघून लय कधी वाढवायची आणि कधी रोखून धरायची, हे सगळं तोंडानं बोल म्हणत आणि हातानं करत शिकवलं जातं. बहुतेक कुठेही लिहून ठेवलेलं नाही. म्हातारा वादक गेला की त्याच्याबरोबर त्याच्या चाली जातात. त्याचा मुलगा टेम्पो चालवतो किंवा कंपनीत कंत्राटी आहे, आणि त्यानं बापाची हलगी का उचलावी, याचं उत्तर आपल्यापैकी कुणी त्याला दिलेलं नाही.

मोबाईलवर व्हिडिओ बघून चार ठेके येतील, नाही असं नाही. पण शेजारी बसून शिकण्यानं ठेका येतो आणि ठेक्यामागचा माणूसही कळतो. आपल्याला दोन्ही हवेत.

पुण्याच्या रस्त्यावर कुणाचा ताल

आता पुण्याकडे बघा. भाद्रपद जवळ आला की मुठेच्या काठावर ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. डॉक्टर, इंजिनिअर, आयटीतली मुलंमुली दोन-दोन महिने घाम गाळतात. त्यांच्या मेहनतीबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. पूर्वी पुण्याच्या मिरवणुकांत मुळशी-मावळातल्या गावांची पथकं यायची. ताशा तर मोहरमच्या मिरवणुकांत घुमत आलेलं वाद्य. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३-९४ च्या सुमाराचा, मोहरमची मिरवणूक त्याच्याही आधीची. तोच ढोल, तोच ताशा मध्यमवर्गाच्या कमरेला बांधला गेला की "संस्कृती" होतो, वर्तमानपत्रात त्याची पानभर छायाचित्रं येतात. आणि हलगीवाल्याच्या गळ्यातलं कातडं मात्र "हलक्या कामाचं". वाद्य बदललं म्हणून प्रतिष्ठा बदलली, असं मला वाटत नाही. हात बदलला म्हणून बदलली.

तमाशाचीही हीच कथा. पठ्ठे बापूराव म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जात सोडून फडावर आले, हे धाडसच होतं. १९४५ साली पुण्यातच त्यांचं निधन झालं. त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात गेलं, त्यांच्यावर चित्रपट निघाला. पण ज्या पवळाबाईंच्या गळ्यानं आणि पावलांनी ती कवनं महाराष्ट्रभर नेली, त्या संगमनेरकडच्या महार समाजातल्या पवळाबाई लोकांना आठवतात त्या बापूरावांची साथीदार म्हणून. आणि त्या फडातला ढोलकीवाला? हलगीवाला? सुरत्या? त्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत? मलाही नाहीत. आपल्याच जिल्ह्यातलं नारायणगाव तमाशाची पंढरी. तिथल्या विठाबाई भाऊ मांग यांना राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला, आज त्यांच्या नावानं सरकार पुरस्कार देतं, आणि त्यांच्या अखेरच्या दिवसांतली ओढाताणही सगळ्यांनी पाहिली. शर्मिला रेगे यांनी याच शहरात बसून लावणी आणि जातीचं नातं उलगडून दाखवलं. येरवड्यात वाढलेल्या शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांचा इतिहास लिहिला आणि तो जगानं वाचला. दोघींच्या लेखनातून एक गोष्ट पक्की कळते : आपल्या माणसांची कला घ्यायची आणि माणूस बाहेर ठेवायचा, ही ब्राह्मणी व्यवस्थेची जुनी रीत आहे.

आपण तरी वेगळे आहोत का?

इथे बोट स्वतःकडे वळवू. पुण्यातल्या बऱ्याच वस्त्यांमध्ये हलगी जिवंत ठेवली ती मातंग बांधवांनी. आपल्या जयंतीला त्यांना बोलावलं जातं आणि जेवायला शेवटी बसवलं जातं, हे मी आपल्याच कार्यक्रमांत पाहिलं आहे. पत्रिकेवर वक्त्याचं नाव, गायकाचं नाव, मंडपवाल्याचंही नाव, आणि वादकांच्या जागी फक्त "हलगी पथक". ठरलेल्या पैशांतून शेवटी पाचशे कापले जातात. "समाजाचं काम आहे, थोडं समजून घ्या." समजून कायम त्यांनीच का घ्यायचं?

१ ऑगस्ट २०२४ ला, म्हणजे नेमक्या अण्णा भाऊ साठे यांच्या जयंतीदिवशी, सर्वोच्च न्यायालयानं अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल दिला. त्या निकालावर मतं वेगळी असतील, त्याची चर्चा मी इथे करत नाही. पण तेव्हापासून बौद्ध आणि मातंग तरुण एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात, ते मोबाईल उघडून बघा. एक म्हणतो तुम्ही सगळं खाल्लं, दुसरा म्हणतो तुम्ही बाबासाहेबांना मानलं कधी. अण्णा भाऊंच्या शाहिरीवर बाबासाहेबांचा ठसा आहे, हे दोघंही विसरतात. अशा वेळी बौद्ध पोरगा मातंग उस्तादासमोर शिष्य म्हणून बसला, तर त्या बसण्याला अर्थ आहे. मात्र तो शिष्य म्हणून बसला पाहिजे. "तुमची कला छान आहे, तुम्ही वाजवत राहा, आम्ही नेतृत्व करतो" असं म्हणत बसला, तर तो नवा पाटील.

याचा नमुना आपल्याला लांब शोधावा लागत नाही. गंज पेठेत लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम होती. त्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. मातंग वस्ताद, माळी शिष्य. पुढे जोतीराव-सावित्रीबाईंनी शाळा काढल्या, तेव्हा वस्त्यांमधून मुलं गोळा करायला लहुजी वस्ताद आणि राणबा महार फिरले. त्या शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला आणि मांग-महारांच्या दुःखाला शब्द दिले. एकानं हाताची विद्या दिली, दुसऱ्यानं अक्षराची. कुणी कुणावर उपकार केले नाहीत. विद्या देण्या-घेण्याची आपली परंपरा ही आहे, आणि ती याच शहरातली आहे.

जगात हे घडलं आहे

अमेरिकेत बँजो हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांचं. गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून काळ्यांची टिंगल करणारे खेळ रंगवले आणि त्यात बँजो मिरवला. त्या अपमानामुळे अनेक काळ्या कुटुंबांनी बँजो खाली ठेवला. हळूहळू ते "गोऱ्यांचं ग्रामीण वाद्य" समजलं जाऊ लागलं. २००५ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यात काळ्या बँजोवादकांचा मेळावा झाला. त्यातून एकत्र आलेली रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन ही तरुण मंडळी जो थॉम्पसन नावाच्या ८६ वर्षांच्या काळ्या फिडलवादकाच्या घरी नेमानं जाऊ लागली. त्याच्या घराण्यातल्या नाचाच्या जुन्या चाली त्यांनी त्याच्याबरोबर वाजवत उचलल्या. त्यांच्या कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स या गटाला पुढे ग्रॅमी मिळालं. पण मंचावर ते सांगत राहिले : ही चाल आम्ही जो थॉम्पसनकडून शिकलो. दलित पँथरनं ब्लॅक पँथरकडून नाव घेतलं होतं, आपण ही रीतही घेऊ शकतो.

आणि आपल्याच देशातलं तामिळनाडू? तिथला पराई ढोल मयतीला वाजवण्याची सक्ती असलेला, परैयर या जातीच्या नावातच असलेला. तिथल्या दलित चळवळीनं तो मयतीच्या वाटेवरून काढून सभेच्या व्यासपीठावर आणला. गावोगाव शिबिरं घेऊन मुलामुलींना शिकवला. २०२५ साली मदुराईचे पराईवादक वेलू आसान यांना पद्मश्री मिळाली. पुरस्कारानं जात जात नाही, हे खरं. पण "आसान" म्हणजे गुरू. वाजवणाऱ्याला गुरू म्हणणं, ही त्या चळवळीची कमाई आहे.

मग करायचं काय?

भाषण पुरे. वस्तीत उद्यापासून करता येतील अशा पाच गोष्टी मांडतो.

१. विहारात किंवा अभ्यासिकेत आठवड्यातून एक संध्याकाळ हलगी-ढोलकीसाठी ठेवा. शिकवणाऱ्याला ठरलेलं मानधन द्या, वेळेवर द्या, आणि त्याला "सर" म्हणा. स्पर्धा परीक्षेच्या मास्तरला म्हणतो तसंच.

२. मुलींना पहिल्या दिवसापासून शिकवा. बाईनं नाचायचं आणि बाप्यानं वाजवायचं, ही वाटणी जातीइतकीच जुनी आहे.

३. वस्तीतल्या प्रत्येक जुन्या वादकाचं वाजवणं मोबाईलवर नोंदवा. कोणता ठेका, कुणाकडून शिकला, कोणत्या प्रसंगी वाजायचा, हे त्याच्याच तोंडून बोलून घ्या. ती नोंद त्याला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

४. कायदा समजून घ्या. पारंपरिक चालीवर कुणाची मालकी नाही, पण तिच्या ध्वनिमुद्रणावर असते. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीपासून वाजवणाऱ्या कलावंताला स्वतःच्या सादरीकरणावर कलम ३८ खाली हक्क आहे. आज तो ५० वर्षांचा आहे. कुणी आपल्या माणसाचं वाजवणं मुद्रित करत असेल तर आधी लेखी करार, मग टिपरू.

५. पत्रिकेवर, फलकावर, व्हिडिओखाली वादकाचं पूर्ण नाव लिहा. मंचावरून चाल वाजवण्याआधी सांगा : ही चाल अमुक उस्तादांची.

आणि एक मागणी संस्थांकडे. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. सावित्रीबाईंच्या नावाच्या आपल्या पुणे विद्यापीठातही ललित कला केंद्र आहे. तिथे शास्त्रीय गायन आणि नृत्याचे गुरू मानानं नेमले जातात. हलगीचा उस्ताद, ज्याच्याकडे पदवी नाही पण पन्नास वर्षांचा हात आहे, तो तिथे गुरू म्हणून कधी बसणार? पाहुणा म्हणून एक दिवस बोलावणं आणि शाल देणं याला नेमणूक म्हणत नाहीत. विद्यार्थी संघटनांनी हा प्रश्न निवेदनात घालून विचारावा.

कुणाच्याही मुलानं हलगी वाजवलीच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. मातंग वादकाच्या मुलाला डॉक्टर व्हायचं असेल तर त्यानं डॉक्टरच व्हावं, आणि "अरे, तुमची परंपरा आहे" असं त्याला ऐकवणाऱ्याला आपण गप्प करावं. जातीनं कुणाच्या हातात काही द्यायचं नाही आणि जातीमुळे कुणाच्या हातून काही हिसकायचंही नाही. शिकायचं ते मर्जीनं. शिकवायचं ते मोकळ्या हातानं. ज्याच्याकडून आलं त्याचं नाव घेऊन पुढे द्यायचं.

येत्या १ ऑगस्टला सारसबागेजवळ अण्णा भाऊंच्या पुतळ्याला आणि पुढच्या १४ एप्रिलला पुणे स्टेशनला बाबासाहेबांच्या पुतळ्याला जाल, तेव्हा सोबत तुमच्याच वस्तीत शिकलेली हलगी असू द्या. आणि तुमचे उस्ताद मागे नकोत, सगळ्यांच्या पुढे चालू द्या.

जय भीम! जय लहुजी!